वीस वेळा मूठ

“एक, दोन, तीन लहान पोरांला असतं, मॅडम. मी हँडवर मोजतो,” असं म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी माझी आकडेमोड बंद पाडली.

गेवराईत माझं फिजिओथेरपीचं दोन खाटांचं केंद्र आहे. सर चकलांब्याचे, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात चालू लागला, पण हाताची मूठ वळली ती वळलीच. ती वीस वेळा उघडायची, हा व्यायाम. मी एकेक बोट सोडवायची आणि दर खेपेला सर हाताचा एक इंग्रजी वाक्प्रचार म्हणायचे. “ॲट हँड, हाताशी. मधी ‘द’ घातला की मार्क गेला. आउट ऑफ हँड, हाताबाहेर. हँड टू माउथ, हातावर पोट. पुढं चला.” एखादा विसरला की पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे मेंढपाळ गुडघे शेकत बसायचे. ते एकदा म्हणाले, “गुर्जी, गुडघ्याचं काईच न्हाई का इंग्रजीत?”

“हाय की. पण आज हाताचा पाठ हाय.”

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बसले की पाय हलणार, उठले की नजर घड्याळावर. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, “झोपंत बी ‘पुढं चला’ म्हनतेत.”

घाईला कारण होतं. दहावीला इंग्रजीत राहिलेल्या सात मुली त्यांच्या ओसरीवर शिकत होत्या आणि परीक्षा मार्चमध्ये होती. “पुन्यांदा राहिल्या की लगीन लावून देतेत, मॅडम,” सर म्हणायचे.

संक्रांतीनंतर त्यांचं येणं थांबलं. फोन केला तर म्हणाले, “परीक्षा झाल्यावर येतो.” लकव्यात पहिले काही महिनेच मोलाचे. तेव्हा हात सुटला तर सुटला, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. माझा राग तसाही नाकावर. रविवारी स्कूटी काढली आणि चकलांबा गाठलं.

ओसरीवर सात मुली वह्या घेऊन बसलेल्या. फळ्यावर डाव्या हातानं लिहिलेली अक्षरं, ओळ खाली खाली घसरत गेलेली. मूठ पोटाशी धरून सर पाय ओढत येरझारा घालत होते. मी मुलींसमोरच बोलले, “सर, हे दिवस परत येणार नाहीत.”

“ह्यांचे बी न्हाई येनार,” सर म्हणाले आणि मुलींकडे वळले. “पुढं चला.”

काकूंनी चहा ठेवला होता. मी तो न घेताच निघाले. त्याची मला आजही लाज वाटते.

निकाल लागला तेव्हा सर एसटीनं एकटेच आले. सहा पास, एक राहिली. सहाजणींबद्दल चकार शब्द नाही. “तिचा पेपर जुलैत हाय. तिला सकाळी शिकवून हिकडं येत जातो.” मग त्यांनी मूठ टेबलावर ठेवली. “आता लई येळ हाय. सुटंल ना?”

बोटं पार आखडून गेली होती. पेशंटला तोंडावर खरं सांगणारी मी, “सुटेल की, सर,” म्हणाले. तीस वर्षं मुलांची उत्तरं तपासलेला माणूस, त्यांना कळलंच असणार. तरी येत राहिले.

जुलैत तिचा पेपर झाला आणि त्याच आठवड्यात सरांना दुसरा झटका आला. त्यात ते गेले.

पुढे निकाल लागल्यावर काकू त्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. “पास झाली. ह्यांनी सांगून ठेवलंतं, पैला पेढा मॅडमला द्या. माझ्यापायी लई चिडल्यात, म्हनले.”

मुलीनं पेढा पुढे केला. तिला आता अकरावीला जायचं होतं. संक्रांतीनंतरही येत राहिले असते तर सरांचा हात सुटला असता, हे मी आजही कुणालाही छातीठोकपणे सांगेन. तिच्यासमोर मात्र ते माझ्या तोंडातून निघेना.