कमूबायनं निवडलेला पंप

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कमूबायला जव्हारच्या घरात चैन पडत नाही. तीस वर्षं मोखाड्याच्या पाड्यांवर नर्स म्हणून पायपीट केली, ती अंगातून सहजी जाते होय? सुरुवातीला धाप लागलेल्या पोराला शेक द्यायचा नि देवाचं नाव घ्यायचं, एवढंच हाती असे. पुढं तोंडात औषध फवारायचे दम्याचे पंप आले, विजेवरची वाफेची मशिनं आली. औषध डॉक्टर लिहीत, पण ते पोराच्या छातीत कशानं उतरवायचं हे कमूबायलाच विचारत. कुणाच्या घरी वीज आहे, कोण दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला, जगायला जातं, हे तिला तोंडपाठ.

आणि तिचंच एकदा चुकलं. चार वर्षांच्या मधुच्या बापानं मोठ्या मशीनचा हट्ट धरला, नि ती बधली. भट्टीवरच्या झोपडीत वीजच नव्हती. चैत्रात मशीन परत आलं, खोक्यातून न काढलेलं. मधु आला नाही.

म्हणून नोकरीच्या शेवटच्या वर्षी सूर्यमाळचा लहान्या नावाचा म्हातारा तीन वर्षांच्या नातीला, निशाला घेऊन आला, तेव्हा ती हटूनच बसली.

"बाय, मशीनच द्या. पंप लागला का सुटत नाय म्हणतात."

"कोण म्हणतो? आण त्याला इकडं! भट्टीवर मशीन लावशील कुठं, माझ्या डोक्याला?"

कॅप्सूलची पावडर श्वासानं जोरात ओढावी लागते, ती एवढ्या पोरीला ओढवणार नव्हती. तिनं पंपाला प्लास्टिकचं नळकांडं नि मास्क जोडला. मास्क बघून निशानं भोकाड पसरलं. कमूबायनं तो आधी आजाच्याच तोंडावर बसवला. त्याचं ते ध्यान बघून पोर खुदकन हसली, मग गुमान मास्क लावून घेतला. लहान्या आठवडाभर रोज येऊन शिकला.

दिवाळीनंतर ती माणसं भट्टीवर जगायला गेली, आणि कमूबायच्या जिवाला घोर लागला.

जेठात एका दुपारी लहान्या दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसला. एकटाच. ती हातातलं टाकून धावली.

"निशा कुठाय रे?"

त्यानं नुसता बाजाराकडं हात केला.

"बोल की मेल्या!"

"एष्टीतून उतरली नि हात सोडून पळाली," तो धापा टाकत म्हणाला. "बाजारभर तिच्यामागं धावलो. ती तिकडं हापशावर खेळते, मलाच दम लागला, बाय."

कमूबायनं त्याला आधी चार शिव्या घातल्या. मग पदरात तोंड खुपसून रडली.