महादूशेठची गिऱ्हाइकं

महादूशेठ गेले तेव्हा धामणकर नाक्यावरचं साड्यांचं दुकान दिपालीकडे आलं आणि दुकानाबरोबर वज्रेश्वरी रस्त्यावरच्या सतरा-अठरा गावांतली गिऱ्हाइकंही आली. निदान तिला तसं वाटलं. गिऱ्हाईक काही कपाटासारखं वारसानं मिळत नाही, पण हे तिला सांगणार कोण? आई राहीबाई एवढंच म्हणायची, "बाबांसारखं माणूस धरून ठेव पोरी. न्हायतर कल्याणला मोठाली दुकानं हायेतच." बाबांची माणसं तुटू द्यायची नाहीत, हा एकच ध्यास दिपालीनं घेतला.

कुणाची आजी आजारी, कुणाची मुलगी लग्नाची, सगळं महादूशेठना तोंडपाठ असायचं. दिपालीकडे तशी स्मरणशक्ती नव्हती, पण इंटरनेटवरचं ऑर्कुट होतं. साल २००८. गोदामांना जमिनी विकलेल्या घरांतली पोरंपोरी तेव्हा सायबर कॅफेत तासन्‌तास पडीक असायची. तिनं दुकानाच्या नावानं पान उघडलं आणि रोज दुपारी एकेकीच्या पानावर चार ओळी लिहायला लागली. आजीचा गुडघा कसा आहे? हळदीतली पिवळी साडी किती शोभली तुला! पोरी हरखल्या, आयांना घेऊन दुकानात आल्या. बाबांच्याही एक पाऊल पुढे गेलो आपण, असं तिला वाटायला लागलं.

एक गोष्ट मात्र तिनं बाबांकडून उचलली नव्हती. महादूशेठ एकाची खरेदी दुसऱ्याला कधी दाखवत नसत. नवं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत आधीच्याची साडी कागदात गुंडाळलेली असायची. दिपालीला ती म्हाताऱ्या माणसाची खोड वाटे.

चैत्रात चांगदेव पाटील भाचीच्या लग्नाचा शालू घ्यायला आले. मामाचा आहेर मांडवातच उघडायचा, तोवर घरच्यांनीही बघायचा नाही, अशी त्यांच्याकडे रीत. दीड तास खपून त्यांनी एक हिरवा शालू निवडला आणि त्यांचे डोळे भरून आले. भाचीची आई, म्हणजे त्यांची बहीण, हयात नव्हती.  दिपालीनं त्यांचा शालूसकट फोटो काढला आणि संध्याकाळी दुकानाच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, "करिष्मा, तुझा शालू निवडताना मामा रडले. असा मामा सगळ्यांना मिळो."

दोन दिवसांत अख्ख्या भावकीनं तो पाहिला. करिष्माची थोरली बहीण रीमा, तिनंही पाहिला. तिच्या लग्नाच्या वेळी मामाचा हात आखडता होता, तिला साधी साडी मिळाली होती. रीमाच्या नवऱ्यानं फोटोखाली लिहिलं, "आमच्या वेळेला मामांना रडू आलं नव्हतं वाटतं." रीमानं लग्नाला येत नाही असा निरोप धाडला.

चांगदेव शालू परत करायला दुकानात आले. आवाज चढवला नाही. "आता दोघींना पन सारख्याच साध्या साड्या देतो," म्हणाले, आणि त्या साड्या काही तिच्याकडून घेतल्या नाहीत.

दिपालीनं फोटो काढून टाकला. तेवढ्यावर थांबती तर बरं होतं. पण या बाईला माफी मागायची बुद्धी झाली तीही ऑर्कुटवरच. "चांगदेवकाका, माझ्यामुळे तुम्हाला शालू परत करावा लागला, मला माफ करा." शालू परत गेल्याचं तोवर घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आता नवऱ्यामुलाकडेही कळलं.

मग ती रिक्षा करून त्यांच्या गावी गेली. चांगदेव ओटीवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, सीताबाईनं, पाणी दिलं, बस म्हणाली नाही. दिपाली उभ्यानंच बोलली, रडली, हात जोडले. खरंच वाईट वाटत होतं तिला, त्यात खोट नव्हती.

चांगदेवांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी साधेपणानं विचारलं, "पोरी, तू आज आलीस, रडलीस, ह्ये पन तिथं लिवशील काय?"

"नाही काका."

त्यांनी मान डोलावली. पण ते ओटीवरून उठून आत गेले आणि दिपाली अंगणात उभी असतानाच, घरातलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, त्यांनी दार ओढून घेतलं.