एका दाढेचा रोजा

त्या दिवशी म्हसळ्याच्या घरात सिदराचा पहिला रोजा होता, आणि तिची धाकटी बहीण नौशीन हिच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. ओव्याने थांबेल असलं ते दुखणं नव्हतं.

सिदरा नऊ वर्षांची, नौशीन सहाची. सिदराला हिरवा शरारा शिवून आला होता. तिच्यासाठी आणलेला मोगऱ्याचा हार परातीत ओल्या फडक्याखाली होता. संध्याकाळी अब्बा मस्कतहून व्हिडिओ कॉल करणार होते, हार घातलेली सिदरा बघायला. आणि नौशीनला काय, तर एका दाढेचा रोजा! उजव्या दाढेने खायचं नाही, डावीने खायचं. लहान पोरांची अशीच समजूत घालतात. नौशीनने तो इमानाने पाळला. दुपारचा भात डाव्या गालात कोंबून खाल्ला. कुणी बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या दाढेला हार?" तिने विचारलं.

"दाढेला कसला गं हार!" अम्मी हसली.

चारच्या सुमाराला सिदरा मागच्या पडवीत मेंदीचे ओले हात पसरून बसली होती. समोर फोनवर कुणाच्या तरी मेंदीचा व्हिडिओ चालू. आत अम्मी आणि अब्बांची बहीण, फुफी, चटणीसाठी कैरी चिरत होत्या. नौशीनने एक फोड उचलली, मीठ लावलं आणि बाहेर आली.

एकीचे हात मेंदीत असले की दुसरीने भरवायचं, ही दोघींची नेहमीची रीत.

"आ कर."

फोनवरची नजर न काढता सिदराने आ केला. कचाकचा चावली. नौशीन तिच्या गळ्याकडे बघत थांबली. घास खाली उतरला, तशी ती ओरडली, "अम्मीऽ, सिदराचा रोजा तुटला!"

सिदराने भोकांड पसरलं. अम्मी आणि फुफी धावत आल्या.

"विसरून खाल्लंस ना?" फुफीने विचारलं. सिदराने रडत मान डोलावली. "मग रडतेस कशाला? भुलून खाल्लं तर रोजा तुटत नाही. ते तुला अल्लाहनेच खिलवलं. ऊठ, चूळ भर."

"अल्लाहने नाही! मी खिलवलं!" नौशीन किंचाळली.

अम्मी नौशीनकडे वळली.

"अस्सं," अम्मी म्हणाली. "आणि तूही विसरूनच दिलीस?"

नौशीनने पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. आंबट वास येत होता, तिच्याच बोटांना.

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली, रोजा सुटला. शरारा, हार, अब्बांचा कॉल, सगळं सिदराचं झालं. नौशीन दाराआड उभी. खजूर मात्र तिने उजव्या दाढेखालीच धरला होता.

सिदराने हाराच्या टोकाची चार फुलं तोडली आणि दाराआड हात घातला. "घे, तुझ्या दाढेला."

नौशीनने फुलं घेतली. मग सिदराच्या गळ्याकडे बघितलं. तिथे अजून केवढा तरी हार उरला होता.