बर्नाडीन ‘नाही’ म्हणाली

बर्नाडीन ह्रिवनाकने आमच्या हार्लन फॉल्समध्ये उभा जन्म शाळेची बस चालवली. त्यामुळे गावातल्या निम्म्या बाप्यांना ती नावानिशी ओळखायची, आणि भर सभेतही त्यांना “खाली बस रे” म्हणायला कचरायची नाही. मूलबाळ नव्हतं. नवरा स्टॅन गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा तिची मैत्रीण लोरेन पुसातेरी म्हणाली, “भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा नगरपरिषदेत जा आणि माणसांशी भांड.”

लोरेन म्हणजे आमच्या प्रभागातली डेमोक्रॅट पक्षाची सर्वेसर्वा. तिनेच बर्नाडीनला उभं केलं, बर्फात दारोदार फिरली, निवडून आणलं. मी समोरच राहते. रविवारी चर्चहून आल्यावर दोघी बर्नाडीनच्या ओट्यावर कॉफी घेऊन बसायच्या, आणि त्यांचं हसणं रस्ता ओलांडून माझ्या स्वयंपाकघरात यायचं.

मग ते शीतगृहाचं प्रकरण आलं. बंद पडलेल्या काचकारखान्याच्या जागेवर एका मोठ्या कंपनीला गोठवलेल्या मालाचं गोदाम बांधायचं होतं. अट एकच, पंधरा वर्षं मालमत्ता कर माफ. महापौर आमच्याच डेमोक्रॅट पक्षाचे, ते म्हणाले, नोकऱ्या येतील, द्या माफी. रिपब्लिकन सभासद म्हणाले, लोकांची घरपट्टी वाढवता आणि कंपनीला सोडता? खरं तर सत्ता त्यांची होती तेव्हा त्यांनीच गोल्फच्या मैदानाला अशी माफी दिली होती, आणि तेव्हा बोंब आमच्या लोकांनी मारली होती. घरपट्टीची वाढही त्याच सभेत यायची होती, अग्निशमन केंद्र चालू ठेवायला. परिषदेत आमचे चार, त्यांचे तीन. आमच्या चौघांतलं एक जरी फुटलं, तरी कंपनीची माफी पडणार होती.

बर्नाडीन प्रभागात फिरायला निघाली. म्हातारा ऑर्व्हिल टॅकेट दारात वॉकर धरून उभा राहिला आणि म्हणाला, “बर्नी, मीसुद्धा या गावात पंधरा वर्षं राहीन असं कबूल करतो. मला देतील का माफी?” ती हसली. पण परत येताना माझ्या फाटकाशी थांबली आणि म्हणाली, “त्याला काय उत्तर द्यायचं, सांग ना. मला सुचलंच नाही.”

उत्तर तिच्या घरातच बसलं होतं. स्टॅनच्या बहिणीचा मुलगा रँडल काचकारखाना बंद पडल्यापासून दुसऱ्या जिल्ह्यात हातापाया पडून मिळेल ते काम करत होता. “मामी, ते गोदाम आलं तर मी इथेच राहीन,” तो म्हणाला. “पोरींची शाळा बदलावी लागणार नाही. तू फक्त हो म्हण.”

“आणि कंपनीने पाचव्या वर्षी गाशा गुंडाळला तर?”

“पाच वर्षं तर मिळतील!”

तो गेल्यावर तिने त्याची ताटली तशीच बाहेर ओट्यावर राहू दिली, हे मी खिडकीतून पाहिलं.

सभेच्या आधी लोरेन आली. मी अंगणातली पानं गोळा करत होते, सगळं ऐकू येत होतं.

“तुला शहाणपणा दाखवायचाय, तर पुढच्या वेळी दाखव,” लोरेन म्हणाली. “या वेळी आपल्या लोकांबरोबर राहा.”

“ऑर्व्हिल आपला नाही का?”

“अगं, ऑर्व्हिल आपल्यालाच मत देतो. ते तिघं तुला काय देणारेत? उद्या तुझा फोटो छापून आम्हालाच मारतील.”

“लोरेन, मला पटत नाही गं. नाही पटत.”

“तुला पटावं म्हणून मी तुला तिथे बसवलं नव्हतं.”

हे बोलून लोरेन स्वतःच दचकली असावी. पण शब्द मागे घेतला नाही, आणि बर्नाडीननेही तो मागे घ्यायला लावला नाही.

सभागृह भरलं होतं. लोरेन पहिल्या रांगेत, रँडल मागे दाराशी. कारकुनाने एकेक नाव पुकारलं. बर्नाडीनचं नाव आलं तेव्हा तिने समोरचा पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाली, “नाही.” लगेच पुढे म्हणाली, “मला माझ्या लोकांच्या विरुद्ध जायचं नव्हतं. पण माझे लोक दोन्हीकडे निघाले.” माफी एका मताने पडली. घरपट्टीच्या वाढीला मात्र तिने हो म्हटलं, आग लागल्यावर पक्ष विचारत नाहीत म्हणून. त्यामुळे रिपब्लिकनांच्या टाळ्याही अर्ध्यावरच थांबल्या.

बाहेर त्यांच्यातल्या एकाने तिचा हात धरला. “आमच्याकडे या, बाई. तुमच्यासारखी माणसं हवीत आम्हाला.”

“मी कुठेच जात नाहीये,” ती म्हणाली आणि गाडीकडे वळली. लोरेनची गाडी केव्हाच निघून गेली होती. रँडलही तिच्यासाठी न थांबता गेला.

लोरेन म्हणाली तसंच झालं. पुढच्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी घरोघर पत्रकं टाकली, त्यावर बर्नाडीनचा फोटो: डेमोक्रॅटांच्या बर्नाडीनलाही हे पटलं नाही! ती त्यांच्या कचेरीत जाऊन म्हणाली, पत्रकावरून माझा फोटो हटवा. तिथल्या माणसाने अदबीने खुर्ची दिली, कॉफी दिली, फोटो काही हटवला नाही. आणि आमच्या पक्षाने तिच्या जागी उमेदवारी दिली ती खुद्द लोरेनला. लोरेन सहज निवडून आली. माझ्या दारीही आली होती. समोरचं दार मात्र तिने वगळलं.

बर्नाडीन बरोबर होती की चूक, हे आमच्या गावाला कधी कळलंच नाही. कंपनी नदीपलीकडच्या जिल्ह्यात गेली. तिथल्या नोकऱ्या कुणी म्हणतं भरपूर, कुणी म्हणतं यंत्रंच सगळं करतात. काचकारखान्याच्या जागेत गवत वाढलंय. ऑर्व्हिलने घर विकलं, कारण घरपट्टी वाढलीच होती, आणि त्या वाढीत हात बर्नाडीनचाही होता. रँडल बायकामुलींना घेऊन इंडियानात गेला. जाताना भेटायला आला. मिठी मारली त्याने, पण खुर्चीवर बसला नाही.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात माशांचं जेवण असतं, जोडीला पिरोगी, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्या. यंदा मी बर्नाडीनला ओढूनच नेलं. रांगेत आमचा नंबर आला तेव्हा वाढायला लोरेन होती. डोक्यावर जाळी, हातात चिमटा. ती बर्नाडीनकडे बघून म्हणाली, “तळलेला की भाजलेला?”

बर्नाडीनने ताट पुढे केलं. “तळलेला,” ती म्हणाली.

“बरोबर पिरोगी की बटाटे?”

“पिरोगी.”

“पुढे चला.”

लांब टेबलाच्या टोकाला आम्ही बसलो. ओळखीचे लोक मानेनेच नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे जात होते. कुणी वाईट वागलं नाही. आमचं गाव तसं नाही. बर्नाडीनने मासा नुसता उकरला.

“मी आणि लोरेन चौथीपासून इथे जेवतोय,” ती म्हणाली. “मला भाजलेला मासा चालत नाही हे तिला माझ्या आईइतकंच माहीत आहे.”

“विसरली असेल,” मी म्हणाले.

“नाही गं. विसरली असती तर बरं वाटलं असतं.”

मग तिने विचारलं, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? मी म्हणाले, मला नाही सांगता येत. तिने मान हलवली, जणू हेच ऐकायचं होतं, आणि पिरोगी खाऊन टाकल्या. त्या चांगल्या झाल्या होत्या. कांदा भरपूर होता.