बसने पाठवलेल्या गोळ्या

पोळ्याच्या चार दिवस आधी, सकाळी, चामोर्शीपलीकडच्या गावात माझ्या मोठ्या बहिणीला हुडहुडी भरली. घाम, नाकातून पाणी, जुलाब; पाय एका जागी ठरत नव्हते. पुलावरून पाणी गेल्याने चंद्रपूरची बस दोन दिवस बंद होती.

त्या भागात थंडी वाजली की पहिला संशय मलेरियाचा. शेजारच्या काकूंनी ताईवर दोन घोंगड्या टाकल्या आणि गावातल्या आशा कार्यकर्तीला बोलावलं. तिने बोट टोचून किटवर रक्त घेतलं. मलेरिया निघाला नाही. थर्मामीटरमध्ये तापही नव्हता.

पुढचं बोलणं मला नंतर तिघींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं. त्यात फरक नव्हता.

"ताप नाई, तं काऊन कापून राह्यली?" काकूंनी विचारलं.

"माही दुखाची गोळी सरली," ताई म्हणाली.

काकू घरी जाऊन एक गोळी घेऊन आल्या. धानाच्या रोवण्यात कंबर धरली तेव्हा त्यांनी ताईकडून दोन उसन्या नेल्या होत्या. एक उरली होती. गावात मीठ-हळद उसनी नेतात, तशीच गोळीही. ताईने ती घेतली. तासाभरात कापरं थांबलं आणि ती चहा ठेवायला उठली.

"पाह्य, पळाला मलेरिया!" काकू हसल्या. "तुह्या किटपेक्षा गोळी हुशार."

आशा कार्यकर्ती हसली नाही. तिने रिकाम्या पाकिटाचा फोटो काढला.

"बाई, दिवसाच्या किती घेता?"

"चार. कधी पाच."

"आणते कोण?"

"माहा भाऊ पाठवते, बसनं."

तो भाऊ मी. मोहफुलं वेचताना ताई नाल्यात घसरली, नडगी मोडली आणि चंद्रपुरात ऑपरेशन झालं. घरी सोडताना गोळ्या दिल्या त्या दहा दिवसांच्या, सकाळ-संध्याकाळ एक. दहा दिवस संपल्यावर तिचा फोन आला. "बाबू, त्या गोळीनं झोप लागते." मी चंद्रपुरातच राहत होतो; जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो. पहिल्यांदा दुकानदाराने चिठ्ठी पाहिली, नंतर पाहिली नाही. पाकिटं मी वर्तमानपत्रात गुंडाळून बसच्या ड्रायव्हरकडे देत असे. तो ती फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर ठेवी. असं चार महिने चाललं. त्या काळात माझं काम इतरांच्या बातम्यांतला शब्द न् शब्द तपासण्याचं होतं. पाकिटावरची तांबडी सूचना मी वाचली नव्हती.

पूल खुला झाल्यावर मी ताईला चामोर्शीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, हे औषध अफूच्या जातीचं. ऑपरेशननंतर थोडे दिवस ते उपयोगी पडतं. पुढे शरीराला सवय लागते, तेवढ्याच आरामासाठी जास्त गोळ्या लागतात आणि एकदम थांबवलं की असं कापरं भरतं. जास्त झालं तर फिट येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. "यात तुमचा दोष नाही," ते ताईला म्हणाले. गोळी हळूहळू कमी करायची, हाडाच्या दुखण्याला दुसरं औषध घ्यायचं आणि पाकीट आशा कार्यकर्तीकडे ठेवायचं, असं ठरलं.

पहिल्या आठवड्यात ताईचा फोन आला. "तू भाऊ हायेस का ठाणेदार? मी साऱ्या गावाले गोळ्या वाटल्या, अन मलेच आता मोजून?"

त्यावरून उसनवारी काकूंपुरती नव्हती हे कळलं. सहा घरांत गोळ्या गेल्या होत्या, आणि गावात उसनं बुडवत नाहीत. आशा कार्यकर्ती त्या घरी जाऊन सांगून आली, "गोळी परत करायची तर माझ्याकडे, बाईंकडे नाही." पाच घरांनी ऐकलं. सहाव्या घरची बाई मुलीच्या बाळंतपणाला सिरोंच्याकडे गेली होती.

दिवाळीनंतर ताईची शेवटची अर्धी गोळी बंद झाली. धान कापणी सुरू होती. त्याच सुमारास ती बाई परतली आणि दुपारी बांधावर तिने ताईच्या हातात एक गोळी ठेवली.

"तुमची उसनी, बाई. उशीर झाला."

संध्याकाळी आशा कार्यकर्तीने मला फोटो पाठवला. तिच्या तळहातावर ती गोळी होती, वेष्टनासकट. खाली लिहिलं होतं: ताईंनी स्वतः आणून दिली.