वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली तिथे तर नाहीच. एकीला मध्यंतरी जाऊन सांगितलं — पण तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. मग ते सांगणं धरायचं का? मला नाही वाटत. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करते. सोपं पडतं म्हणून करते, हेही सांगून टाकते.

मी इंदूरची. आमच्या घरातली माणसं संस्थानच्या नोकरीत होती, ती इथलीच झाली. आमची मराठी हिंदीचा हात धरून चालते, तेवढं चालवून घ्या. मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. शाळेचं नाव सांगत नाही. गोष्ट शाळेची नाही, माझी आहे.

आमच्याकडे लायब्ररी होती, म्हणजे काचेच्या अलमाऱ्या होत्या. आत परीक्षेची गाइडं आणि कुणी कुणी भेट दिलेले जाडे ग्रंथ. कुलूप लावलेलं, चाबी ऑफिसात. मुलींना त्या काचेत फक्त स्वतःचा चेहरा दिसायचा. मग सुनंदा आली. ती मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याला पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून दोघं इथे आली, राजेंद्र नगरात भाड्याने राहिली, आणि ही आमच्याकडे लायब्ररियन म्हणून लागली. कंत्राटावर. तिने पहिल्याच आठवड्यात अलमाऱ्यांची दारं उघडी ठेवली. बस, एवढंच केलं. मुली आत यायला लागल्या.

पण आत वाचायला होतं काय? तेव्हा शहरात पुस्तक मेळा लागला होता. मी बड्या मॅडमना — आमच्या प्रिन्सिपलना सगळे तसंच म्हणायचे — पटवलं आणि आम्ही दोघी गेलो. मी निवडायची, सुनंदा थैलीत भरायची. किड्यांवरचं पुस्तक, पूल कसे उभे राहतात त्याचं पुस्तक, निवडणूक कशी होते, जुन्या काळी लोक वेळ कसा मोजायचे, नकाशे, कोडी, स्वयंपाकघरातलं रसायनशास्त्र, लांबच्या देशांतल्या गोष्टी. परीक्षेत ज्यातलं काहीच येणार नाही, अशी पुस्तकं. त्या दुपारी मला फार छान वाटत होतं. मला वाटतं आयुष्यात जी दोन-चार कामं मी मनापासून केली त्यातलं ते एक.

त्या ढिगात एक पातळ पुस्तक होतं. वाढत्या वयाच्या मुलींना त्यांच्या शरीराची माहिती देणारं, हिंदीतलं, साध्या चित्रांचं. मीच उचललं. सुनंदाने ते हातात घेऊन चाळलं.

"मॅडम, हे चालेल ना इथे? मला इथलं अजून तितकं कळत नाही."

"चालेल काय, पाहिजेच," मी म्हणाले. "मी आहे ना."

हो — असंच म्हणाले होते.

आता पलकबद्दल. सातवीतली मुलगी, वडिलांचं मल्हारगंजात हार्डवेअरचं दुकान. प्रश्नांची पोतडी. कोळी स्वतःच्याच जाळ्याला का चिकटत नाही, मॅम? मेलेल्या माणसाची नखं वाढतात ते खरं का? बाकीच्या मुली हसायच्या, मला ती आवडायची. एक दिवस ती तास संपल्यावर थांबली. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. तिला आजार झालाय, असं तिने मला सांगितलं. रक्त जातं. आईने काही सांगितलं नाही, नुसतं वेगळं बसवलं. मी मरणार आहे का, मॅम?

मी जीवशास्त्राची शिक्षिका. हा धडा वर्गात आला की मी म्हणायचे, "ये घर पे पढ़ लेना." वर्षानुवर्षं म्हणत आले होते. त्या दिवशीही मी तिच्या समोर बसून बोलले नाही. डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, मरत नाही कुणी, तू बिलकुल ठीक आहेस, लायब्ररीत एक पुस्तक आहे. पुस्तकाचं नाव सांगितलं, कुठल्या खणात आहे तेही सांगितलं. दोन दिवसांनी ती व्हरांड्यात भेटली आणि इतकी मोकळी हसली! मला वाटलं, बघा, काम झालं.

पुढच्या सोमवारी तिचे वडील आले.

आरडाओरडा करतील असं वाटत होतं, पण नाही केला. शांत माणूस. बड्या मॅडमच्या टेबलावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि वर दोरा बांधला होता तो सोडलासुद्धा नाही. म्हणाले, "ये हमारे घर में निकली है. मैं इसको खोलूँगा नहीं, आप लोग समझदार हैं." खोलीत बड्या मॅडम, व्यवस्थापनाचे एक गृहस्थ, दोन सीनियर शिक्षिका, मी, सुनंदा. आणि दाराशी पलक.

तिला विचारलं, पुस्तक घ्यायला कुणी सांगितलं?

ती माझ्याकडे बघणार असं मला वाटलं. नाही बघितलं. "किसी ने नहीं, मैम. मैंने ख़ुद ली." बारा वर्षांची पोर. तिने मला वाचवलं — मी न मागता.

मग सुनंदाला विचारलं, हे लायब्ररीत आलं कसं? तिने सरळ सांगितलं. "या मॅडमनी निवडलं होतं. आम्ही दोघींनी मेळ्यातून आणलं." तक्रारीच्या सुरात नाही हं. तिला वाटलं मी आता बोलेन. मी समजावून सांगेन, मी जुनी आहे, माझं ऐकतात. ती अगदी निश्चिंत उभी होती.

सगळे माझ्याकडे वळले.

इतकी वर्षं मी हा प्रसंग मनातल्या मनात वेगळाच सांगत आले — की मी गप्प राहिले. घाबरले, गप्प राहिले, कुणाचं होत नाही असं? पण मी गप्प नव्हते राहिले. मी बोलले. "मुझे तो ध्यान नहीं. इतनी किताबें थीं, सब कहाँ देख पाई." हे खोटं. आणि एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित बड्या मॅडमनी दोघींना समज देऊन विषय मिटवला असता. मी थांबले नाही. मी पुढे म्हणाले, आवाज जरा मऊ करून, जशी तिची बाजूच घेते आहे — "सुनंदाजी नई हैं. यहाँ का माहौल शायद समझ नहीं पाईं."

त्या वाक्याने तिची नोकरी गेली. कारण मी पुरवलं. बाकीच्यांना फक्त मान हलवायची होती.

का केलं? त्या महिन्यात व्हाइस प्रिन्सिपलच्या जागेसाठी माझं नाव चाललं होतं. ते एक. दुसरं असं, की त्या टेबलावरच्या पुडक्याशी माझं नाव जोडलं जाणं मला सहन होईना. चांगल्या घरची बाई, तिने असलं पुस्तक... ज्या लाजेवर औषध म्हणून मी ते आणलं, तीच लाज माझ्यात शिगोशीग भरलेली होती. ही कारणं आहेत. ती सांगितल्याने माझं काही हलकं होत नाही.

पुढचं याहून वाईट आहे. बड्या मॅडमनी मला सांगितलं, लायब्ररी एकदा नीट बघून घ्या. म्हणजे "तसली" आणखी काही असतील तर काढा. मी काढली. जी मीच आणली होती ती मीच काढली. आपण काय खातो आणि का, या पुस्तकातलं एक चित्र खटकेल असं वाटलं, म्हणून तेही गेलं. सुनंदाचा महिना भरायचा होता, ती रोज येत होती. मी खणापुढे उभी राहून बोट दाखवायची आणि ती एकेक पुस्तक काढून माझ्या हातात द्यायची. पूर्ण दुपारभर ती एक शब्द बोलली नाही. मी मात्र बोलत होते. उकाडा फार आहे, पंखा बदलायला हवा, असलं काहीबाही. ती सगळी पुस्तकं स्टोअररूममध्ये गेली. अलमाऱ्यांना परत कुलपं लागली.

महिना संपल्यावर सुनंदा आली नाही. निरोप समारंभ वगैरे काही झालं नाही.

आणि पलक? ती आठवीतही माझ्या वर्गात होती. खिडकीजवळच्या बाकावर बसायची. तिने मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. मी मुद्दाम थांबायचे, "किसी को कुछ पूछना है?" म्हणून तिच्याकडे बघायचे. ती वहीत मान घालायची. तिने माझ्यासाठी खोटं बोलून मला एक संधी दिली होती, आणि मी त्या संधीचं काय केलं ते तिने दाराशी उभं राहून ऐकलं होतं. आठवीनंतर ती शाळा सोडून गेली. कुठे आहे, काय करते, मला माहीत नाही.

मी व्हाइस प्रिन्सिपल झाले. पुढे काळ बदलला, वरूनच सांगणं आलं की मुलींना अवांतर वाचायला द्या. मग मी पुन्हा कुलपं काढली, पुन्हा पुस्तकं आणली, तसलंच एक पुस्तकही आणलं — आता त्याला हिंमत लागत नव्हती. वाचनासाठी झटणाऱ्या मॅडम, असं माझं नाव झालं. या मार्चमध्ये मी रिटायर झाले, आणि शाळेने ठरवलं की लायब्ररीच्या नव्या हॉलला माझं नाव द्यायचं.

तो फोन ठेवला आणि मी दुसऱ्या दिवशी राजेंद्र नगरला गेले. पत्ता एका जुन्या कारकुनाकडून घेतला. सुनंदानेच दार उघडलं. केस पिकले होते, बाकी तीच. तिने मला ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. मी ग्लास हातात धरूनच म्हणाले, "सुनंदा, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी तिथेच उभी होते."

मी ग्लास खाली ठेवला. तिनेच विचारलं, "रिटायर झालात ना?"

"हो. मार्चमध्ये."

"तरीच."

तिने ते टोचून म्हटलं नाही, नुसतं ध्यानात आल्यासारखं म्हटलं. मी विचारलं, पुढे काय केलंस? तिने दोन-तीन शाळांत अर्ज केले होते. सगळीकडून आमच्या शाळेत विचारणा व्हायची आणि मग बोलावणं यायचं नाही. शेवटी एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसायला लागली, तिथेच आहे. "लायब्ररी मात्र सुटली ती सुटलीच," म्हणाली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "मॅडम, मला सांगून काय उपयोग? ज्यांनी ऐकलं होतं त्यांना सांगा."

मी घरी आले आणि आताच्या प्रिन्सिपलना फोन केला. तरुण आहेत, भले आहेत. म्हटलं, हॉलला माझं नाव देऊ नका, माझी लायकी नाही. ते हसले. "यही तो आपका बड़प्पन है, मॅडम." मी बोलायला हवं होतं. त्याच क्षणी. नाही बोलले. संध्याकाळपर्यंत शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या नम्रतेचं कौतुक आणि जोडलेल्या हातांची रांग. म्हणजे बघा — नकारातूनसुद्धा मी कमाई केली. दुसऱ्यांदा तेच केलं, या वयात, जेव्हा जायचं काहीच उरलं नव्हतं.

त्यानंतर मी ठरवलं, आणि ते आता बदलत नाही.

शनिवारी सकाळी हॉलच्या उद्घाटनाचा कार्यक्रम आहे. बड्या मॅडम आता थकल्यात, पण येणार आहेत. त्या दोन शिक्षिका येणार आहेत, व्यवस्थापनाचे ते गृहस्थही. त्यांच्यामागे सगळ्या वर्गांच्या मुली. मला बोलायला सांगितलंय. सुनंदाला मी बोलावलेलं नाही. माझ्या बोलण्याची साक्षीदार म्हणून तिला गर्दीत आणून बसवण्याचा मला हक्क नाही. मी फीत कापायच्या आधी माइक मागून घेणार आहे, मागाहून नाही. सुनंदाचं पूर्ण नाव घेणार आहे. ते पुस्तक मी आणलं, मी एका मुलीला ते वाचायला सांगितलं, आणि विचारल्यावर मी खोटं बोलून दुसरीची नोकरी घालवली, असं सांगणार आहे. हिंदीत सांगणार आहे, म्हणजे हॉलमधल्या प्रत्येकाला कळेल.

बोलून झाल्यावर मी खुर्चीत जाऊन बसणार नाही. माइकपाशीच उभी राहणार आहे, ज्याला जे म्हणायचं असेल ते म्हणून होईपर्यंत.