सरकारी माणसाचा कॅमेरा
कुजक्या रबराचा वास आला की मला बालाघाटला आलेलं ते पार्सल आठवतं. ताईच्या लग्नासाठी आम्ही सायबर कॅफेत बसून इंटरनेटवर एक जुना डिजिटल कॅमेरा ठरवला होता. विकणाऱ्याने सगळे पैसे आधी बँकेत भरायला सांगितले. "बाबा, वस्तू पाहून पैसे देऊ," मी हळूच म्हटलं. "अवं, सरकारी नोकरीत हाय म्हनते तो, आपल्यासारखाच. तो काहून बुडवन?" असं म्हणून सारी हयात कचेरीत काढलेल्या बाबांनी ताईच्या शालूचे पैसे भरून टाकले. पार्सलातून चिखलाने बरबटलेली रबरी चप्पल निघाली. बाबा ती उलटसुलट करत म्हणाले, "एकच पाठवली." संध्याकाळी कॅफेत पाहिलं तर त्याचा ईमेल होता, समाधान झालं असेल तर ओळखीच्यांनाही सांगा म्हणून. चपलेपेक्षा त्या ओळीची मला जास्त किळस आली. आता आगाऊ पैसे मागणारा आपली नोकरी सांगू लागला की मी तिथेच व्यवहार सोडते.